रविवारी सकाळी टीव्ही बघत नाहीत, ऐकतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्याच्या ठिकाणी तुमची केबल वाहिनी आहे आणि शनिवार-रविवार सकाळी तासाभराचा बातम्या-गप्पांचा कार्यक्रम सुरू करायचा आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये रविवार सकाळच्या मुलाखतींतून बातमी निघते आणि सोमवारचे पेपर त्यावर चालतात. आपल्याकडे तसं का होत नाही, आणि तुम्ही सुरुवात कुठून करावी?

मी एका मराठी वृत्तवाहिनीत बारा वर्षं आउटपुटला, म्हणजे आलेल्या बातम्या कार्यक्रमात बांधून पडद्यावर नेणाऱ्या विभागात होतो. त्यातली सात वर्षं शनिवार-रविवार सकाळचा पट्टा माझ्याकडे होता. पहाटे साडेचारला कॅब, पाचला रनडाऊन, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम लावणं, आठला ऑन एअर. या सात वर्षांत सख्ख्या नात्यातल्या एकाही लग्नाला वेळेवर पोचलो नाही. तेव्हा उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

आधी कामाचं सांगतो. कार्यक्रम कानासाठी बनवा.

पहिल्या वर्षी आम्ही फार देखणा कार्यक्रम केला होता. नवा सेट, अँकरच्या मागे मोठी एलईडी वॉल, एका वेळी आठ विंडो, खाली दोन पट्ट्या, वर एक. त्या दिवाळीनंतर सुट्टी टाकून सांगलीला मावशीकडे गेलो आणि रविवारी सकाळी आमचाच कार्यक्रम तिच्या घरी बसून पाहिला. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आवाज मोठा, समोर मी सोडून कोणी नाही. मावशी आत पोह्यांना फोडणी देत होती. काका गॅलरीत पेपरच्या पुरवण्या घेऊन बसलेले. मावसभाऊ पलंगावर आडवा, मोबाईलमध्ये. मध्येच मावशी आतून विचारायची, "काय म्हणाला रे तो?" तो म्हणजे कोण, हे मला समोर बसूनही सांगता येईना, कारण विंडोतले चौघे एकदम बोलत होते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मावशी ओले हात पुसत बाहेर आली, रिमोट उचलला आणि जुन्या गाण्यांचं चॅनल लावलं. "सकाळी सकाळी भांडणं नकोत बाई," म्हणाली आणि आत गेली. आमच्या ग्राफिक्सच्या पोरांनी रात्र रात्र जागून केलेलं काम तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तर सगळे हसले. मी मात्र पुढचे दोन महिने ज्याच्या-त्याच्या घरी विचारत फिरलो. सात ते आठ चहा आणि म्हातारी माणसं. ही मंडळी खरंच समोर बसून बघतात. आठ ते साडेनऊ घरात सगळे जागे, पण कोणी एका जागी नाही. दहाच्या सुमाराला आंघोळी. अकराला घर जागेवर येतं. रामायण २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला लागायचं तेव्हा लोक आंघोळी उरकून, काही घरांत टीव्हीला हार घालून बसायचे, पण तेव्हा वाहिनी एक होती आणि देव पडद्यावर होता. तुमच्याकडे दोन्ही नाही. आमिर खानचा सत्यमेव जयते ६ मे २०१२ ला सुरू झाला तो रविवारी अकरा वाजता, दूरदर्शन आणि स्टारच्या वाहिन्यांवर एकाच वेळी. ज्याने कोणी अकराची वेळ धरली त्याला घर कळत होतं. त्या विषयांना, पहिलाच भाग स्त्रीभ्रूणहत्येवर, बसून बघणारा प्रेक्षक हवा होता. तुम्ही आठची वेळ म्हणताय. आठला तुम्हाला कान मिळतील, डोळे अधूनमधून.

आणि मराठी घरांचा कान तयार आहे. सकाळी सात पाचच्या आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांवर दाढ्या झाल्या, डबे भरले गेले. त्या बातम्यांत कोणी कोणाच्या वाक्यात वाक्य घालत नसे.

आता परदेशाचं. अमेरिकेत एनबीसी वाहिनीचा मीट द प्रेस हा मुलाखतींचा कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९४७ ला टीव्हीवर आला. त्याच्या दोन वर्षं आधी तो रेडिओवर होता, हे लक्षात ठेवा; मूळ धंदा कानाचाच. मार्था राउंट्री ही त्याची सहनिर्माती आणि पहिली सूत्रसंचालक. त्या खुर्चीवर कायमची नेमलेली दुसरी बाई यायला २०२३ उजाडलं, क्रिस्टन वेल्कर. सीबीएसचा फेस द नेशन नोव्हेंबर १९५४ चा, एबीसीचा धिस वीक १९८१ चा. म्हणजे तीन-चार पिढ्या राजकारण्यांना माहीत आहे की रविवारी सकाळी एक खुर्ची मांडलेली असते.

तिथे बातमी निघते त्याचं कारण अँकरची हुशारी एवढंच नाही. शनिवार-रविवार वॉशिंग्टनमधली कचेरी बंद, संसद बंद, सोमवारच्या पेपरला मात्र पहिलं पान भरायचंच असतं. त्या पोकळीत कोणी मंत्री पंधरा-वीस मिनिटं बोलला की त्यातलं एखादं वाक्य मथळा होतं. राजकारण्यालाही हे सोयीचं: एका सकाळी देशभर पोचता येतं. क्लिंटन प्रकरणातल्या मोनिका लेविन्स्कीचे वकील विल्यम गिन्सबर्ग १ फेब्रुवारी १९९८ ला एकाच सकाळी पाच मोठ्या वाहिन्यांच्या पाचही कार्यक्रमांत जाऊन आले. तेव्हापासून असा पाचांचा फेरा करण्याला तिथले लोक 'फुल गिन्सबर्ग' म्हणतात. आपल्याकडे याला नाव नाही, कारण आपल्याकडे रोजच पाच वाहिन्यांचे बूम, म्हणजे माईक, एकत्र पुढे येतात.

गंमत म्हणजे आमिर खान इकडे पहिला भाग घेऊन आला त्याच रविवारी, ६ मे २०१२ ला, उपाध्यक्ष जो बायडन मीट द प्रेसमध्ये समलिंगी विवाहांबद्दल आपली काही हरकत नाही असं बोलून गेले. ओबामांनी तोवर जाहीर पाठिंबा दिला नव्हता. तीन दिवसांत, ९ मेला, त्यांना तो द्यावा लागला. एका रविवार सकाळच्या वाक्याने राष्ट्राध्यक्षाचं वेळापत्रक हललं. ब्रिटनमध्ये याच्या उलटंही झालं. बीबीसीच्या रविवार सकाळच्या खुर्चीत १९९३ ते २००५ डेव्हिड फ्रॉस्ट, मग २०२१ अखेरपर्यंत अँड्र्यू मार आणि सप्टेंबर २०२२ पासून लॉरा कुन्सबर्ग. ३ जानेवारी २०२१, रविवार: बोरिस जॉन्सन मारना म्हणाले, शाळा सुरक्षित आहेत, जिथे उघड्या आहेत तिथे मुलांना जरूर पाठवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच टाळेबंदी जाहीर करून इंग्लंडमधल्या शाळा बंद केल्या. पंतप्रधानाचं वाक्य दीड दिवस टिकलं, आणि ते टिकलं नाही हे सगळ्यांना दिसलं, कारण रविवारी सकाळी ते सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं.

आपल्याकडे हे का होत नाही? लोक म्हणतात आपले अँकर ओरडतात, नेते प्रश्नांना घाबरतात. त्यात तथ्य आहे, पण मूळ वेगळीकडे आहे. एक तर आपला आमदार-मंत्री रविवारी सकाळी मोकळा नसतो. आठवड्याच्या सुरुवातीला मंत्रालय, मग गाव. रविवारी त्याच्या दारात चाळीस चपला असतात, बदलीचा अर्ज, दवाखान्याचं पत्र, पोराच्या नोकरीची चिठ्ठी. मुहूर्ताचा महिना असेल तर एका दिवसात पंधरा लग्नं, दोन वास्तुशांती आणि एखादा दहावा. तो तुमच्या स्टुडिओत येऊन एक तास घालवणार नाही. मी त्याला दोष देत नाही, त्याची मतं त्या चपलांमध्ये आहेत.

दुसरं कारण मोठं आहे. आपल्याकडे राजकारणाची सकाळ रोजचीच झाली आहे. संजय राऊत रोज सकाळी माध्यमांशी बोलतात. त्यावर अकरापर्यंत दुसऱ्या पक्षाचं उत्तर येतं, दुपारी तिसऱ्याचं, संध्याकाळी या सगळ्यांवर चर्चा. नेत्याला दीड मिनिटाचा बाईट घराच्या पायरीवर उभं राहून फुकट देता येतो, तोही सगळ्या वाहिन्यांना एकदम, आणि उलटप्रश्न आवडला नाही तर गाडीत बसता येतं. मग वीस मिनिटं खुर्चीत अडकून कोण बसेल? आठवड्याच्या मुलाखतीला जी पोकळी लागते तीच आपल्याकडे उरलेली नाही.

आणि तिसरं, आपल्याकडच्या बातम्या शनिवार-रविवारची सुट्टी पाळत नाहीत. २३ नोव्हेंबर २०१९ मी विसरणं शक्य नाही.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये तीन पक्षांची बैठक झाली होती आणि बाहेर येऊन शरद पवारांनी सांगितलं होतं की मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत आहे. शनिवारचे पेपर त्याच मथळ्याचे. आठच्या कार्यक्रमात आमचा पहिला भाग पेपर वाचनाचा: एक ज्येष्ठ पत्रकार समोर पाच पेपर मांडून बसले होते. दुसऱ्या भागात एक तरुण गायिका होती. ती गेस्ट रूममध्ये मेकअप करून, मोबाईलवर तानपुऱ्याचं अॅप लावून गुणगुणत होती. वीकेंड म्हणून डेस्कवर आम्ही पाच जण, पीसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रम चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये, चौघे. नेहमीच्या निम्मे.

ज्येष्ठांनी पहिला पेपर उचलला, मथळा वाचायला तोंड उघडलं, आणि असाइनमेंटवरचा मुलगा धावत पीसीआरमध्ये आला. राजभवनात शपथविधी चालू आहे. कोणाचा? फडणवीस. आणि सोबत अजितदादा. मी त्याला म्हणालो, सकाळी सकाळी थट्टा नको. त्याने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला, एजन्सीचा फोटो होता. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि आम्ही पाचपासून ऑफिसात बसून पेपरांना रंगीत पेनाने खुणा करत होतो.

मी अँकरच्या कानात एवढंच बोललो, "पेपर खाली ठेवायला सांग." ती हुशार. तिने ज्येष्ठांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "सर, एक मिनिट, हा पेपर आता जुना झालाय." पुढे सात तास ती उठली नाही. ग्राफिक्सवाला एकटाच होता, त्याने 'उपमुख्यमंत्री'ची प्लेट टाइप करताना दोनदा चूक केली. थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन वरळीला होती, मलबार हिलला पोचेपर्यंत शपथा उरकलेल्या. गायिका अकरापर्यंत बसली आणि मग कोणालाही न विचारता घरी गेली. दोन आठवड्यांनी परत आली आणि छान गायली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुप्रीम कोर्ट बसलं. मंगळवारी ते सरकार गेलं.

यातून मी कामाच्या तीन गोष्टी केल्या. एक: वीकेंडच्या सकाळी डेस्कवर नवशिक्यांची शिफ्ट लावणं बंद केलं, निदान एक माणूस असा की जो कोणाला न विचारता कार्यक्रम मोडू शकेल. दोन: प्रत्येक बीटमधली, रविवारी सकाळी आठला फोन उचलणारी माणसं कोण, याची वहीच ठेवली. अशी माणसं फार थोडी असतात आणि ती सोन्यासारखी जपायची असतात. तुमच्या जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसचा कोण, पोलीस कंट्रोल रूमचा कोण, सिव्हिल हॉस्पिटलचा कोण, धरणावरचा शाखा अभियंता कोण. दहा नावं काढा. तीन: पाहुणा रेकॉर्डेड ठेवायचा असेल तर ठेवा, पण अँकर नेहमी लाइव्ह.

त्यानंतरही २ जुलै २०२३ ला, रविवारीच, अजित पवारांनी पुन्हा राजभवनात शपथ घेतली, पण ती दुपारी. त्या दिवशी सकाळच्या शिफ्टने घरी जायला नकार दिला होता. वास लागला होता.

आता तुमचा तास. तासाला जाहिराती आणि स्वतःच्या जाहिराती मिळून बारा मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे हातात अठ्ठेचाळीस. यातली पहिली आठ-दहा मिनिटं बातम्या, आणि त्या तुमच्या जिल्ह्याच्याच. देशाच्या बातम्या लोकांना मोबाईलवर मिळालेल्या असतात. रविवारी लोकांना काय लागतं ते बघा: स्पर्धा परीक्षा बहुतेक रविवारी असतात, केंद्र कुठे, एसटी कशी, पाणी येणार का, लाइट कधी जाणार, आठवडी बाजार, भाजीचा भाव, धरणात पाणी किती. मुंबईला आम्ही मेगाब्लॉक द्यायचो, आणि खरं सांगतो, आमच्या कुठल्याही मुलाखतीपेक्षा मेगाब्लॉक जास्त ऐकला जायचा. राशिभविष्य ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी सात वर्षं विरोध केला आणि सात वर्षं हरलो.

पेपर वाचनाचा भाग जरूर ठेवा. ब्रिटनच्या रविवार सकाळच्या कार्यक्रमांचा तो कणा आहे, कारण तिथे रविवारचे पेपर जाडजूड आणि वेगळेच असतात. आपल्याकडे पुरवण्या असतात आणि त्या कोणी वाचून दाखवत नाही. जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानांतली चार इंचांची बातमी उचला. ग्रामपंचायतीचा टँकर, कॉलेजच्या पोरांनी स्वच्छ केलेली बारव, असलं काही. वाचणारा माणूस मात्र वाचता येणारा हवा. शिक्षक चालतील, नाटकात काम केलेलं कोणी मिळालं तर उत्तमच.

मग एक पाहुणा. एकच. पॅनल नको. माझं यावर दुमत नाही आणि कोणी पटवूही शकणार नाही. पॅनल स्वयंपाकघरात ऐकूच येत नाही, मावशीने ते मला शिकवलंय. एकच पाहुणा असला तरी अँकरने दर दोन-तीन मिनिटांनी त्याचं नाव घ्यायचं: "डॉक्टर, तुम्ही म्हणालात...", "सरपंचताई, मग पाइपलाइन कोणी अडवली?" पडद्यावर पट्टी आहे म्हणून नाव घ्यायचं टाळू नका. फोडणी देणाऱ्या बाईला पट्टी दिसत नाही. "हा आकडा बघा", "इथे तुम्ही पाहू शकता" ही वाक्यं तोंडातून काढून टाका; आकडा बोला. "बारा गावांपैकी नऊ गावांत टँकर" हे कानाला कळतं, "पंचाहत्तर टक्के" कळत नाही.

मुलाखतीची तयारी कशी करायची यासाठी टिम रसर्ट हे नाव लक्षात ठेवा. १९९१ ते २००८ मीट द प्रेसचे सूत्रसंचालक, शिक्षणाने वकील, त्याआधी राजकारण्यांच्या कार्यालयांत काम केलेले. जून २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या ऑफिसातच, पुढच्या रविवारच्या कार्यक्रमाचं काम चालू असताना गेले. त्यांची रीत साधी: पाहुण्याचं जुनं वाक्य तारखेसकट पडद्यावर लावायचं, शांतपणे वाचून दाखवायचं आणि विचारायचं, मग आता काय? आवाज चढवायचा नाही. बाकीचं काम ते वाक्य करतं. तुम्हाला यासाठी मोठी लायब्ररी लागत नाही. तुमच्या कॅमेरामनने गेली पाच वर्षं प्रत्येक भूमिपूजनाला शूट केलंय. त्या टेप्स, त्या हार्ड डिस्क फेकू नका. आमदारांनी २०२१ मध्ये नारळ फोडून "अठरा महिन्यांत पूल होईल" म्हटलेलं असेल तर ते वीस सेकंद शोधून काढा. पूल झालाय का ते गाडी काढून जाऊन बघा. आणि मग त्यांना बोलवा.

बोलवताना प्रश्न पाठवू नका, विषय पाठवा. आणि ते रविवारी येणार नाहीत हे गृहीत धरा, तुम्ही जा. शनिवारी संध्याकाळी साडेसातला, दारातल्या चपला कमी झाल्यावर, त्यांच्याच ओसरीत दोन कॅमेरे लावा. मी एका मंत्र्याची मुलाखत अशी शनिवारी रात्री साडेदहाला घेतलीय, पायजम्यावर. कॅमेरा छातीपर्यंतच होता. दिवसभर माणसं भेटून ते इतके दमले होते की खोटं बोलायचा कंटाळा आला असावा. एका बंद पडलेल्या कारखान्याबद्दल जे बोलले ते सोमवारी तीन पेपरांनी उचललं. आमच्या सात वर्षांत असं खऱ्या अर्थाने दोनदा झालं. तुमचं एकदा झालं तरी जिल्ह्याला कळेल.

उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. दोन सेकंद थांबा. माणूस शांतता भरून काढायला बोलतो आणि तेव्हा कामाचं बोलतो. यात अडचण तुमच्या पीसीआरची येईल. पॅनल प्रोड्यूसरला शांतता दिसली की तो अँकरच्या कानात "पुढे, पुढे" करायला लागतो. मी मुलाखतीच्या वेळी टॉकबॅकचं, म्हणजे अँकरच्या कानात बोलायचं, बटण स्वतःच्या हाताखाली ठेवायचो आणि कोणाला हात लावू द्यायचो नाही.

शांततेवरून आठवलं. सीबीएसचा संडे मॉर्निंग नावाचा कार्यक्रम आहे, २८ जानेवारी १९७९ पासूनचा, चार्ल्स कुराल्टने सुरू केलेला. दीड तास, भांडण नाही, सुरुवातीला तुतारी आणि सूर्याची चित्रं, आणि शेवटी थोडा वेळ नुसता निसर्ग: झरा, पक्षी, वारा, निवेदन नाही, संगीत नाही. मला ते फार भावलं. मी एका रविवारी आमचा कार्यक्रम पहाटेच्या भाजी मंडईच्या आवाजावर संपवला, हातगाड्या, मापाड्याची हाळी, पोती टाकल्याचा धप्प आवाज. चाळीस सेकंद झाली नाहीत तोच एमसीआरमधून, म्हणजे वाहिनीच्या मुख्य कंट्रोल रूममधून, फोन, "अँकरचा ऑडिओ गेलाय का?" मग वरच्या साहेबांचा. पुढच्या रविवारी मी आधी लेखी कळवलं. तरी फोन आला. चौथ्या रविवारी मात्र एका बाईंचा मेल आला, की तो मंडईचा आवाज कुठल्या गावचा, माझ्या माहेरचा वाटतो. तुमच्याकडे वरचे साहेब तुम्हीच आहात, तेव्हा हे जरूर करा. खर्च शून्य.

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी ब्रीच कँडीत लता मंगेशकर गेल्या. त्या दिवशीही शिफ्ट माझीच. तयारी होती, त्या महिनाभर रुग्णालयात होत्या, प्रत्येक वाहिनीने ओबिट, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम, बांधून ठेवलेलं असणार. आमचं चुकलं ते असं, की गाण्याची ओळ लावायची आणि दुसऱ्या ओळीला अँकरने बोलायला लागायचं. सवयच तशी. ऑफिसचे फोन वाजायला लागले, लोक चिडलेले, काही रडवेले: "जरा गप्प बसा ना, गाणं ऐकू द्या." तासाभराने आम्ही अँकरचा माईक बंद केला आणि गाणं पूर्ण सोडलं. अशा दिवशी काय करायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवा, त्या दिवशी डोकं चालत नाही.

एक कायद्याची गोष्ट, कारण तुम्ही निवडणुकीच्या तोंडावर सुरू करणार म्हणताय. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ बघून ठेवा. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदारसंघात निवडणुकीचा मजकूर टीव्हीवर दाखवता येत नाही. मतदान सोमवारी असलं की शनिवारी संध्याकाळपासूनच तोंड बंद, म्हणजे तुमचा रविवार त्यात सापडला. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात १३ मे आणि २० मे हे दोन्ही टप्पे सोमवारचे होते. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, बुधवारी, त्यामुळे रविवार १७ तारखेचा कार्यक्रम मोकळा होता. कॅलेंडर आधी बघा, पाहुण्याला फोन नंतर करा. आणि एका उमेदवाराला वीस मिनिटं दिलीत तर दुसऱ्याला कधी देणार ते त्याच दिवशी वहीत लिहा. विचारायला माणूस दारात येतोच.

तुम्ही लाइव्ह कॉल घ्यावेत का, असंही विचारलंय. घ्या, पण पहिल्या महिन्यात नको. आधी फोनवर एक माणूस बसवून कॉल करणाऱ्याशी अर्धा मिनिट बोलायला शिकवा, नाव, गाव, प्रश्न. टीव्हीचा आवाज बंद करायला सांगा, नाहीतर घुमतो. आमच्याकडे एका शेतकऱ्याने हवामान अभ्यासकाला विचारलं होतं, "साहेब, तुम्ही मागच्या जूनमध्ये सांगितलं तेव्हा मी पेरलं. दुबार पेरणीचं बियाणं तुम्ही देणार का?" अभ्यासक गडबडले. कट करा, असं कोणीतरी ओरडलं. मी केलं नाही. त्या माणसाला पूर्ण बोलू दिलं, अभ्यासकांना पूर्ण उत्तर देऊ दिलं, आणि त्यात ब्रेक उडाला. सेल्सवाल्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

रिपीटचं तेवढं सांगून थांबतो. कार्यक्रम संध्याकाळी परत लावणार असाल तर अँकरला वेळ बोलायला लावू नका आणि फोन नंबरची पट्टी रिपीटला काढून टाका. आमच्याकडे पहिल्या वर्षी रात्री नऊच्या रिपीटला अँकर "सुप्रभात, चहा झाला का?" म्हणायची, खाली नंबर चालू असायचा, आणि रिकाम्या डेस्कवर फोन वाजत राहायचा. एकदा वॉचमनने उचलला आणि हवामानाचा अंदाज सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने फोन करून कालच्याच साहेबांना द्या म्हणून हट्ट धरला, कारण पाऊस पडला होता.